निळा पासपोर्ट आणि तापलेलं जग : परदेशी निघालेल्या मराठी अमेरिकनांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात. कुठं काही फुटलं की मग रात्री अकरालाही फोन. मी वकील नाही. न्यू जर्सीत पंचवीस वर्षं राहून, मंडळातल्या लोकांचे ओसीआयचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड), व्हिसाचे, विम्याचे फॉर्म बघता बघता जे कळलं, ते इथे एकत्र केलंय. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं त्या देशाचं पान स्वतः उघडून वाचाच.

सध्याच्या वातावरणात अमेरिकन पासपोर्टवर बाहेर जावं की नाही?

'बाहेर' नावाचा देश नाही. लिस्बनला चाललात की लाहोरला, यावर उत्तर ठरतं. विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात भीती असते ती लोकांच्या रागाची : कुणी हॉटेलात अपमान करेल, रस्त्यात अंगावर येईल. माझ्या पाहण्यात असं फार क्वचित घडलंय. लोक अडकतात ते तीन ठिकाणी : वाटेत (विमानमार्ग बंद), कागदात (व्हिसा, विमा, दुहेरी नागरिकत्व) आणि त्या देशाच्या कायद्यात. त्यामुळे खालचे बरेच प्रश्न त्यांवरच आहेत.

'लेव्हल २' लिहिलंय म्हणजे घाबरायचं का?

नाही. जानेवारी २०१८ पासून परराष्ट्र खातं प्रत्येक देशाला १ ते ४ अशी पातळी देतं. १ म्हणजे नेहमीची काळजी, २ म्हणजे जास्त काळजी, ३ म्हणजे जायचं का याचा फेरविचार करा, ४ म्हणजे जाऊ नका. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, इटली ही मंडळी गेली काही वर्षं दोनवरच आहेत, आणि भारतही.

आकड्यापेक्षा खालचा मजकूर महत्त्वाचा. भारत दोनवर असला तरी जम्मू-काश्मीर (पूर्व लडाख आणि लेह सोडून) आणि पाकिस्तान सीमेलगतचा दहा किलोमीटरचा पट्टा यांना त्याच पानावर 'जाऊ नका' म्हटलेलं आहे. एकदा एका बाईंचा फोन आला. माहेर चंद्रपूरजवळच्या खेड्यात, आणि नवऱ्याने त्या पानावर 'पूर्व महाराष्ट्र' हे शब्द वाचून तिकिटंच थांबवली होती. ते वाक्य नक्षलग्रस्त ग्रामीण भागाबद्दलचं आहे, आणि तिथे जायला आगाऊ परवानगी लागते ती अमेरिकन सरकारच्या कर्मचाऱ्यांना. लेकीला माहेरी जायला परवानगी लागत नाही. तिकिटं निघाली. नवरोबाही गेले.

युरोपात लोक राजकारणावरून टोमणे मारतील का?

विचारतील, नक्की. मात्र आपल्या बाबतीत गंमत अशी की, आपण अमेरिकन आहोत हेच आधी कुणाला पटत नाही. लिस्बनच्या टॅक्सीत मी 'न्यू जर्सी' म्हटल्यावर चालकाने आरशातून बघत पुढचा प्रश्न टाकला, "ते ठीक, पण मूळचे कुठले?" 'सातारा' सांगून त्याला काय कळणार, म्हणून 'इंडिया' म्हटलं, आणि पुढचा अर्धा तास तो क्रिकेट सोडून सगळ्यावर बोलला. मागच्या सीटवर माझी मुलगी मात्र तोंड उघडताक्षणी ओळखू आली : उच्चार अमेरिकन, आवाजही अमेरिकन.

अध्यक्षांबद्दल विचारलं तर "घरातसुद्धा आमचं एकमत नाही" एवढं हसून म्हणा. ते बहुतेक घरांत खरंही असतं. वाद घालायला आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

कॅनडाची गोष्ट जरा वेगळी. २०२५ मध्ये आयातशुल्क आणि कॅनडाला अमेरिकेचं '५१ वं राज्य' करण्याच्या बोलण्यानंतर तिथे हॉकीच्या सामन्यांत अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं की प्रेक्षक हुर्यो उडवत होते. तो राग खरा होता. तो सरकारवरचा होता. टोरांटोत बहिणीकडे राहायला गेलेल्या कुणाला त्याची झळ लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

बॅगेवर कॅनडाचा झेंडा लावला तर?

ही युक्ती व्हिएतनाम युद्धाच्या काळापासून चालत आलीय आणि कॅनडाच्या लोकांना ती मनापासून खटकते. शिवाय इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्टच बोलतो. झेंडा कुठलाच लावू नका, गरुडवाला टी-शर्टही घरी ठेवा. पोलिसांनी विचारल्यावर खोटं राष्ट्रीयत्व मात्र कधीही सांगायचं नाही. तिथे गंमत संपते आणि गुन्हा सुरू होतो.

पासपोर्टवर जन्मस्थान 'इंडिया' छापलंय. त्याने फरक पडतो का?

अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांच्या पासपोर्टवर गावाचं नाव येत नाही, फक्त देशाचं येतं. त्यामुळे पुणे काय, पणजी काय, सगळे 'इंडिया'. काही देशांत यामुळे जास्त प्रश्न होतात. पाकिस्तानच्या व्हिसाला भारतात जन्मलेल्या अमेरिकनाला बराच वेळ लागू शकतो.

पण "आपण दिसायला भारतीय, आपल्याला कोण हात लावतंय" हा भरवसा धरू नका. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं ७३ क्रमांकाचं विमान कराचीत ताब्यात घेतलं गेलं. अपहरणकर्त्यांना अमेरिकन हवे होते, म्हणून त्यांनी पासपोर्ट गोळा करायला सांगितले. हवाई सेविका नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट सीटखाली दडवले. तरीही त्या दिवशी सगळ्यांत आधी गोळी घातली गेली ती भारतीय वंशाच्या एका तरुणाला, जो नुकताच अमेरिकन नागरिक झाला होता. त्वचेचा रंग ढाल होत नाही. हे घाबरवायला सांगत नाही, इतका टोकाचा प्रसंग विरळाच. पण सार्वजनिक ठिकाणी पासपोर्ट टेबलावर काढून ठेवायची सवय मोडायला हे एक कारण पुरेसं आहे.

'स्टेप'मध्ये नाव नोंदवून काय मिळतं? सरकार पाळत तर ठेवणार नाही ना?

'स्टेप' ही परराष्ट्र खात्याची मोफत नोंदणी आहे. जाणार तो देश आणि तारखा टाका, तिथल्या वकिलातीचे इशारे ईमेलवर येतात : आज या चौकात मोर्चा आहे, विमानतळ बंद आहे, वकिलात उद्या उघडणार नाही. पाळतीची शंका मला नेहमी विचारली जाते. अहो, विमान कंपनीने तुमची नावं उड्डाणाआधीच सरकारला दिलेली असतात.

या इशाऱ्यांमागे एक दुःखद इतिहास आहे. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान स्फोटाने पडलं, २७० माणसं गेली. त्याआधी धमकीची सूचना मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीत कर्मचाऱ्यांसाठी लावलेली होती, सामान्य प्रवाशांना ती ठाऊक नव्हती. त्यानंतर दंडक झाला की, धोक्याची जी माहिती सरकार आपल्या माणसांना देईल ती जनतेलाही द्यायची. म्हणून ते इशारे कधीकधी अति वाटतात. मोबाईलवर 'सावध राहा' असा ईमेल बघून हॉटेलात कोंडून घ्यायची गरज नाही. त्यातलं ठिकाण आणि वेळ तेवढी वाचा.

गल्फमार्गे मुंबईला जाणं टाळावं का?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि याला एका ओळीत उत्तर नाही.

२३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकन हवाई तळावर क्षेपणास्त्रं सोडली. कतारसह आखातातल्या देशांनी काही तासांसाठी हवाईहद्द बंद केली. दोहाकडे निघालेली विमानं वाटेतून वळली. आमच्या ओळखीचं एक कुटुंब दोन लहान मुलं आणि आजींसह भलत्याच विमानतळावर उतरलं. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत. सगळं सुखरूप पार पडलं, पण ती रात्र त्या घरात अजून सांगितली जाते.

थेट विमान घेतलं की प्रश्न मिटला, असंही नाही. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगाम हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, पाकिस्तानने आपली हवाईहद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. त्यामुळे एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या आणि काहींना इंधनासाठी वाटेत थांबावं लागलं. मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घेतो. न्यूयॉर्क-दुबई एका कंपनीचं आणि दुबई-मुंबई दुसरीचं असं स्वस्तात जोडलं, तर एक विमान चुकल्यावर दुसरी कंपनी हात वर करते. पाच दिवसांची औषधं, चार्जर, मुलांचा एक कपडा हातातल्या पिशवीत. आणि परत येण्याच्या तारखेनंतर दोन दिवस कामावर मोकळे ठेवतो. साहेबांना आधीच सांगितलेलं बरं.

दुबईत नुसतं विमान बदलायचंय. तिथले कायदे लागू होतात का?

हो, जमिनीवर पाय ठेवल्यापासून. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी जवळ हवी, आणि शहरात जाणार असाल तर आगाऊ मंजुरी. आपल्या लोकांना न सुचणारी गोष्ट म्हणजे खसखस : तिथे ती बंदी घातलेल्या मालात मोडते. दिवाळीहून परतताना आईने डब्यात घातलेले अनारसे आठवा, एक बाजू पांढरी खसखशीने भरलेली. दुबईत मुक्काम असेल तर ते आईकडेच खाऊन संपवा. फारच वाईट वाटत असेल तर चिरोटे आणा.

भारतात काही झालं तर अमेरिका सोडवेल का? माझ्याकडे ओसीआय आहे.

ओसीआयला बरेच जण दुहेरी नागरिकत्व समजतात. ते तसं नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय हा आजन्म व्हिसा आणि काही सवलती. भारतात तुम्ही परदेशी नागरिकच, आणि या प्रश्नापुरतं ते तुमच्या फायद्याचं आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क असतो. महाराष्ट्र आणि गोवा हे मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाकडे येतात. ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ब्रीच कँडीची जुनी जागा, लिंकन हाऊस, आता आठवणीत ठेवा, रिक्षावाल्याला सांगू नका.

ते लोक तुरुंगात भेटायला येतील, वकिलांची यादी देतील, घरी कळवतील. सोडवू शकत नाहीत, वकिलाची फी भरत नाहीत, खटल्यात साक्षही देत नाहीत. भावकीच्या जमिनीच्या वादात सासरच्या कुणी पोलीस तक्रार केली म्हणून एका गृहस्थांनी मला दूतावासाचा नंबर मागितला होता. त्यांना मी तालुक्याच्या चांगल्या वकिलाचा नंबर शोधायला सांगितलं. रात्री-बेरात्री खरोखर अडकलात तर अमेरिकेबाहेरून लागणारा परराष्ट्र खात्याचा नंबर : +१-२०२-५०१-४४४४.

नवरा किंवा बायको इराणी, रशियन वगैरे मूळची आहे. मग?

इथे मात्र मी कडक बोलतो : आधी वकील, मग तिकीट.

वर सांगितलेलं संरक्षण दुसरं नागरिकत्व असलेल्या माणसाला त्या दुसऱ्या देशात मिळेलच असं नाही. इराण आपल्या नागरिकाचं दुसरं नागरिकत्व मानत नाही, आणि तिथलं नागरिकत्व वडिलांकडून मुलांना जातं. मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मला असला तरी तेहरानच्या नजरेत तो इराणी ठरू शकतो. शिवाय तिथे अमेरिकेची वकिलात नाही. १९८० पासून अमेरिकनांचं काम स्वित्झर्लंडची वकिलात बघते, आणि इराणी ठरलेल्या माणसाला भेटू द्यायचं की नाही ते इराण ठरवतो.

रशियाचं उदाहरण ताजं आहे. लॉस एंजेलिसमध्ये राहणारी, दोन्ही नागरिकत्वं असलेली एक तरुणी २०२४ मध्ये आईवडिलांना भेटायला गेली. युक्रेनला मदत करणाऱ्या अमेरिकन संस्थेला तिने पूर्वी पन्नासेक डॉलर दिले होते. बारा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. चीनमध्ये 'देश सोडायला मनाई' हा प्रकार आहे, तो बहुतेकदा विमानतळावर पोहोचल्यावरच कळतो.

कुठं मुळीच जाता येत नाही?

उत्तर कोरिया. १ सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय अमेरिकन पासपोर्ट तिथल्या प्रवासाला वैधच नाही. क्युबाला निव्वळ पर्यटन म्हणून जायला अमेरिकेचा कायदा मना करतो. ठरवून दिलेल्या बारा प्रकारच्या कारणांत तुमचं कारण बसावं लागतं. (तुमच्यासोबत लंडनचा मावसभाऊ येणार असेल तर त्याला सांगा : १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला गेलेल्या ब्रिटिश नागरिकाला अमेरिकेत व्हिसाशिवाय येण्याची सोय उरत नाही.) लेव्हल ४ च्या देशात जाणं सहसा बेकायदा नसतं, पण तिथे सोडवायला कुणी येईल ही आशा ठेवू नये.

अमेरिकेने त्यांच्यावर बंदी घातली म्हणून ते आपल्याला व्हिसा नाकारतील?

काही देशांनी तसं केलंय. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रवेशबंदीच्या यादीत नाव आल्यावर चाडने अमेरिकनांना व्हिसा देणं थांबवलं. ब्राझीलने परतफेडीच्या तत्त्वावर १० एप्रिल २०२५ पासून अमेरिकनांना पुन्हा व्हिसा लावला. तो ऑनलाइन मिळतो, पण विमानतळावर मिळत नाही.

सगळं सुडापोटी होतं असं मात्र समजू नका. ब्रिटनने ८ जानेवारी २०२५ पासून मागितलेली ऑनलाइन परवानगी आणि युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेली बोटांचे ठसे घेणारी नोंद या योजना जुन्या आहेत, आणि अनेक देशांच्या लोकांना लागू आहेत.

विमा काढलाय. युद्ध झालं तर पैसे मिळतील ना?

पॉलिसीत 'युद्ध' हा शब्द शोधा. बहुतेकींत तो 'हे वगळून' या यादीत सापडेल. जे संकट पॉलिसी घेण्याआधीच बातम्यांत होतं त्याचेही पैसे सहसा मिळत नाहीत. 'भीती वाटली म्हणून रद्द केलं' हे साध्या पॉलिसीत कारणच नसतं. त्यासाठी 'कुठल्याही कारणाने रद्द' हे जास्तीचं कलम मिळतं. ते महाग असतं, पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं आणि परत मिळतात ते खर्चाच्या निम्मे ते पाऊण.

आई-बाबा मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) असतील तर त्यांच्यासाठी वेगळा वैद्यकीय विमा घ्याच. मेडिकेअर देशाबाहेर जवळपास काहीच देत नाही.

युद्धात अडकलो तर सरकार विमान पाठवेल?

कधीकधी. सहसा फुकट नाही. सामान्य विमानं चालू असतील तोवर 'त्यांनीच निघा' असंच सांगतात. सरकारी सोय झालीच तर आधी वचनचिठ्ठीवर सही घेतात. खर्च साधारण पूर्ण दराच्या इकॉनॉमी तिकिटाइतका, आणि तो फेडेपर्यंत नवा पासपोर्ट सहज मिळत नाही. पोहोचवतात जवळच्या सुरक्षित शहरापर्यंत, नेवार्कपर्यंत नव्हे.

फोनमधल्या पोस्ट, मीम, व्हॉट्सॲप यामुळे त्रास होईल का?

जाताना आणि येताना वेगवेगळा. आखातात किंवा चीनमध्ये सरकारची, राजघराण्याची टिंगल करणारी पोस्ट गुन्हा ठरू शकते, ती एडिसनमध्ये बसून टाकलेली असली तरी. परतताना अमेरिकन सीमा अधिकारी फोन बघायला मागू शकतात. नागरिकाने पासवर्ड दिला नाही तरी त्याला देशात घ्यावंच लागतं, पण फोन ठेवून घेऊ शकतात. अशी तपासणी फार थोड्यांची होते.

गिर्यारोहकांसाठी एक खास सूचना. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन प्रवाशाला त्यावरून पोलिसांना सामोरं जावं लागलं. सह्याद्रीत फिरायला जाणार असाल तर ते घरीच ठेवा.

मी नागरिक, बायकोचं ग्रीन कार्ड, मेहुणा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. परतताना कुणाला अडचण?

नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी सहा महिन्यांच्या आत परतावं. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करायचा. अधिकाऱ्याने आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर न वाचता सही करू नका. तो ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडण्याचा फॉर्म आहे, आणि सही न करता न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा हक्क असतो.

मेहुण्याचं सगळ्यांत अवघड. १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी एच-वन-बीवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा काही जण सुटायच्या बेतातल्या विमानातून उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ते नव्या अर्जांपुरतं आहे. तोवर कुणाचं लग्न, कुणाच्या वडिलांचं आजारपण मागे राहिलं होतं. व्हिसाचा शिक्का संपला असेल तर मुलाखतीची तारीख हातात असल्याशिवाय निघू नये, आणि ती तारीखही पुढे जाऊ शकते हे धरून चालावं.

आजोबा कराचीत जन्मले. भारत-पाक तणावात ओसीआय अडेल का?

मराठी घरांतून हा प्रश्न येतो याचं कुणाला आश्चर्य वाटेल, पण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि नोकरीनिमित्त कराचीत राहिलेली मराठी कुटुंबं बरीच होती. नियम जन्मगावाचा नाही, नागरिकत्वाचा आहे : तुम्ही, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कुणी पाकिस्तानचं वा बांगलादेशाचं नागरिक असेल किंवा पूर्वी कधी असलं असेल तर ओसीआय मिळत नाही. १९४७ च्या आधी कराचीत जन्मून भारतात आलेले, पाकिस्तानचं नागरिकत्व कधीच न घेतलेले आजोबा त्यात येत नाहीत. फॉर्मवर 'कराची' दिसलं की कारकून थबकतो, एवढंच. आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट किंवा शाळेचा दाखला सोबत जोडा. एका घरात तो दाखला देवघरामागच्या पत्र्याच्या पेटीत, सत्यनारायणाच्या पोथीखाली सापडला.